लाल्याचं तोंड

तुळशीराम कामड्याशी वाद घालायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा. वाद तिथेच राहायचा, तुळशीरामाच्या बाजूनं. मोहगावहून सौंसरकडे जाताना डाव्या हाताला जे गाव लागतं, त्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणाला तिचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. म्हातारा हट्टी होता खरा, पण हट्टाचं कारण विचारलं की कारण देत असे, आणि ते इतकं सविस्तर असे की ऐकणारा थकून हो म्हणून जात असे.

त्याच्या घरी ट्रॅक्टर आला त्या वेळी बैलजोडी विकावी लागली. ट्रॅक्टर त्याच्या मुलानं, हेमराजनं, पांढुर्ण्याहून सेकंडहँड आणला होता. त्या दिवशी तुळशीराम जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला, हात धुतले आणि अंगणातल्या त्या लाल धुडाभोवती एक फेरी मारून विचारलं, "याचं नाव काय?"

हेमराजनं कंपनीचं नाव सांगितलं.

"थे आडनाव झालं. नाव सांग."

मग तुळशीरामानंच लाल्या असं नाव ठेवलं, हेमराजला सांगून त्याला जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला नेलं, आणि तिथून परत आल्यावर घरात जाहीर केलं की आजपासून हा आपल्या घरचा बैल. कलाबाई, म्हणजे त्याची बायको, तेवढ्यापुरतं हसली. तिला वाटलं, दोन-चार महिन्यांत डोक्यातून जाईल.

कसचं जातंय. लाल्याला थंडीत पोतं पांघरलं जाऊ लागलं. दुपारच्या उन्हात त्याला संत्र्याच्या झाडाखाली उभं केलं नाही तर हेमराजला बोलणी बसू लागली. आणि पोळा आला की तुळशीरामाच्या अंगात वेगळंच बळ यायचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, पळसाच्या पानांनी गरम तूप-हळद लावतात आणि कानाशी जाऊन म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तुळशीराम हे सगळं लाल्याचं करायचा. तूप मडगार्डांना लागायचं, कारण खांदे तेच. आवतन उजव्या दिव्याजवळ वाकून दिलं जायचं, कारण डावा दिवा फुटलेला होता आणि फुटक्या कानात बोलून काय उपयोग.

खरा पेच पडला होता तो पहिल्या पोळ्याच्या दिवशी, पुरणपोळी भरवताना. बैलाचं तोंड सगळ्यांना दिसतं. ट्रॅक्टरचं तोंड कुठं? कलाबाईनं पोळीचा तुकडा पुढच्या जाळीला लावला, तो खाली पडला आणि कुत्र्यानं खाल्ला. गावच्या पोळ्याचे मानकरी मोरेश्वरभाऊ त्या वेळी पाहायला आले होते. ते स्वतः बिडी ओढत उभे असल्यामुळे असेल, त्यांचं म्हणणं पडलं की धूर जिथून निघतो ते तोंड. तुळशीराम डिझेलच्या टाकीकडे वळला तेव्हा हेमराज टाकीच्या झाकणावर पालथा पडला आणि उठेचना.

तुळशीरामानं ओसरीवर बसून बराच विचार केला. मग निकाल दिला.

"जनावर हंबरते कुठून? तोंडातून. हा कवा हंबरते? किल्ली घातली का हंबरते. मतलब किल्लीची जागा थे तोंड."

तोवर चहाही झाला होता. तेव्हापासून दर पोळ्याला किल्लीच्या भोकाला हळदकुंकू लागायचं, तुपाचं बोट लागायचं, पोळीचा घास टेकवला जायचा. घरचे समजत होते तेवढंच. पण जेवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू नये अशी तुळशीरामाची शिस्त होती. म्हणून सगळे आत गेले की तो एकटाच मागे थांबायचा आणि घासाचा छोटा गोळा करून आगकाडीनं हळूहळू आत ढकलायचा. सगळा आत जाईपर्यंत उभा राहायचा. यात त्याला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं आणि सांगण्यासारखंही काही वाटत नव्हतं.

यंदाच्या पोळ्याआधी मात्र घरात कुरबूर झाली. हेमराजला नवा ट्रॅक्टर घ्यायचा होता. जुना देऊन नवा घ्यायची बोलणी पांढुर्ण्याच्या दुकानात पक्की होत आली होती, पोळा झाला की दुकानाचा माणूस लाल्याला न्यायला येणार होता. हेमराजचंही चूक नव्हतं. बागेत फवारणीच्या वेळी लाल्या अर्ध्यात बंद पडायचा, किल्ली दहादा फिरवावी तेव्हा एकदा लागायची, आणि हेमराज काही आता पोरगा राहिला नव्हता की उन्हात ट्रॅक्टरच्या विनवण्या करत बसावं.

तुळशीराम म्हणाला, "एक जोडी इकली. आता नाय इकाची."

"बाबा, हा बैल नाय न. लोखंड हाय."

"लोखंडाले तू पोळ्यात नेतं काय?"

"तुमी नेता. मी फक्त चालवतो."

दोघंही दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. कलाबाई मध्ये पडली आणि तिनं तोड काढली: यंदा लाल्या आपल्या पायानं, पोळा भरतो त्या तोरणाखाली गेला तर घरी राहील, नाही गेला तर दुकानाच्या माणसाबरोबर जाईल. दोघांनीही मान्य केलं. हेमराजनं मान्य केलं कारण त्याला लाल्याची किल्ली ठाऊक होती. तुळशीरामानं मान्य केलं कारण त्याला लाल्या ठाऊक होता.

त्या आवतनाच्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं हात राखला नाही. आपल्या माणसावर वेळ आली की त्याला चार घास जास्त द्यावेत, या हिशोबानं त्यानं मडगार्डांचं शेकून उरलेलं सगळं कोमट तूप, हळदीसकट, किल्लीच्या भोकात ओतलं. लाल्यानं ते सगळं घेतलं, एक थेंब बाहेर आला नाही. तुळशीरामाला फार समाधान वाटलं आणि तो शांत झोपला.

सकाळी हेमराजनं लाल्याला धुतला, झेंडूच्या माळा घातल्या, सीटवर बसला आणि किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. परत फिरवली. एरवी निदान समोरचा लाल दिवा तरी लागायचा, आज तोही नाही. हेमराजनं किल्ली बाहेर काढली तर तिच्यावर एक मुंगी होती. त्यानं ती फुंकून उडवली आणि किल्ली पुन्हा घातली.

तुळशीराम ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. त्याला सरळ संशय आला की हेमराजनंच काहीतरी करून ठेवलंय.

"तू काही केलं तं नाय न रे याले?"

हेमराजला ते लागलं. तो खाली उतरला, पेटीतून मोठा पेचकस काढला, बोनेटच्या बाजूला वाकला आणि स्टार्टरच्या दोन नटांवर पेचकस आडवा टेकवला. ठिणगी उडाली आणि लाल्या धडधडून सुरू झाला. सगळ्या अंगणात धूर भरला. कुंपणापलीकडून मोरेश्वरभाऊ ओरडून म्हणाले, "झालं, चला बापा, तोरण बांधणं सुरूच हाय."

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. तुळशीराम जिंकला होता. पण तो सरळ पुढे गेला, इंजिन बंद करायचा दांडा खेचला, आणि लाल्या गप्प झाला.

"कावून बंद केला?" हेमराजचा विश्वास बसेना.

"आज पोळा हाय. पोळ्याच्या दिवशी बैलाले पराणी टोचत नाय."

"पराणी कुठी हाय बाबा? थो पेचकस हाय."

"लोखंडाचं टोक हाय. आंगाले टोचलं, तवा तो उठला. पराणी नाय तं काय हाय मंग? याले किल्लीनं उठवजो. बोलावल्यासारखा उठला पाहिजेन."

मोरेश्वरभाऊ कुंपण ओलांडून आत आले. मानकरी या नात्यानं त्यांनी सांगून पाहिलं की पेचकस पंचांना चालेल. तुळशीराम म्हणाला, पंचांना चालेल, बैलाला विचारलं का? धक्का मारून सुरू करू, असं कुणीतरी सुचवलं. मागून ढकलत नेलेला बैल पोळ्यात कोणी पाहिलाय का, असं तुळशीरामानं विचारलं. मोरेश्वरभाऊंनी पाहिला नव्हता. कलाबाईनं चहा ठेवला.

आता हेमराजच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं ओट्यावर बसून मजा पाहिली असती. म्हातारा स्वतःच्या तोंडानं स्वतःचा डाव हरत होता. हेमराज तसा बसलाही, चहा संपेपर्यंत. मग त्यानं कप खाली ठेवला, मोटरसायकल काढली आणि मोहगावहून अंकुर मिस्त्रीला घेऊन आला.

अंकुर सहजी येत नव्हता. पोळ्याला मी हत्यार हाती धरत नाही, म्हणाला. हेमराजनं त्याला सांगितलं की हे काम नाही, हे दुखणं आहे, बैल आजारी आहे. असं म्हटल्यावर अंकुर आला आणि आला तो डॉक्टर होऊनच आला. ओट्यावर बसून त्यानं आधी विचारलं, कधीपासून आहे, आधी असं झालं होतं का, काल काय खाल्लं होतं. शेवटचा प्रश्न त्यानं थट्टेनं विचारला होता. तुळशीरामानं प्रामाणिकपणे सांगितलं की काल तूप घेतलं, चांगलं घेतलं. सगळे हसले.

ज्या अर्थी पेचकसानं ट्रॅक्टर सुरू होतो त्या अर्थी बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही शाबूत आहेत, बिघाड असलाच तर किल्ली आणि स्टार्टर यांच्या मध्ये आहे, हे हेमराजसुद्धा सांगू शकला असता, आणि त्यानं सांगितलंही. पण अंकुरला पद्धत सोडवत नव्हती. त्यानं बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर घासला. फ्यूज काढून उजेडात धरला. वायरी मोजल्या. मोटरसायकलची किल्ली घालून पाहिली, तीही आत गेली, पण काही झालं नाही. मागच्या टायरची हवासुद्धा पाहिली. हवेचा काय संबंध, असं हेमराजनं विचारलं तर म्हणाला, "तुमी मधात बोलू नका, मी चेक करून राहिलो न."

तोरणाकडून ढोल ऐकू येऊ लागला. गावचे बैल एकेक करून दारावरून जाऊ लागले, शिंगं रंगवलेले, झुली घातलेले. प्रत्येक जोडी गेली की तुळशीराम उभा राहून पाहायचा आणि परत खाली बसायचा. त्याला आता हेमराजचा संशय येत नव्हता. आता त्याला वाटत होतं की लाल्याच रुसला आहे. घरात आपल्याला विकायची भाषा झाली हे त्यानं ऐकलं असणार, बैल ऐकतात. तो उठून उजव्या दिव्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे आता. माह्याकडं पाहून तरी उठ."

अंकुरनं किल्ली बाहेर काढली आणि वास घेतला. किल्लीला पिवळं काहीतरी लागलं होतं.

"ग्रीस हाय," तो म्हणाला. "जुनं झालं का पिवळं पडते."

"ग्रीसले मुंग्या लागते काय?" कलाबाईनं विचारलं.

तिनं बोट दाखवलं तिकडे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या चाकावरून, बोनेटच्या कडेनं मुंग्यांची एक रांग चालली होती आणि थेट किल्लीच्या भोकात शिरत होती. सकाळपासून ती तिथंच होती. मुंग्या दिसणं शुभ, म्हणून मोरेश्वरभाऊंनी तिला मघाशी नमस्कारही केला होता.

अंकुरनं मागचा नट सोडवला, स्विच वायरींसकट बाहेर ओढला आणि पेचकसानं त्याचं बूड उघडलं. आत तांब्याच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्याच नाहीत. आत पुरण होतं. वरचं ओलं, पिवळंधमक, तुपानं निथळणारं, त्याखाली वाळलेलं, त्याखाली काळं पडून दगड झालेलं. जितके पोळे झाले तितके थर. अंकुरनं ते टोकरून एका संत्र्याच्या पानावर काढलं आणि सगळ्यांना दाखवत फिरला.

"डाळ हाय, गूळ हाय, हळद हाय, तूप हाय. काकाजी, विलायची पण हाय बरं. याच्यातनं करंट जाईन कसा? इथं पंगत बसली होती."

अंगण हसून हसून वाकलं. मोरेश्वरभाऊंना ठसका लागला. हेमराजही हसला, आणि वडिलांकडे पाहिल्यावर त्याचं हसू थांबलं.

तुळशीराम त्या पानाकडे पाहत होता. तो पुढे आला, वाळलेला एक तुकडा बोटानं उलटा केला, मग अंकुरच्या हातातला रिकामा स्विच घेऊन डोळ्याजवळ नेला आणि मागून पाहिला. आतून पुढे जायला कुठं वाटच नव्हती.

"म्हणजे पोटात काही गेलंच नाय," तो म्हणाला.

"कोणाच्या पोटात?" अंकुर अजून हसतच होता.

"दर साली आवतन देलं. ये म्हटलं, जेव म्हटलं. अन् सारं इथंच राह्यलं. बोलावून उपाशी ठेवलं म्या याले."

तो ओट्यावर जाऊन बसला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत. कुणाला चुकून पाणी द्यायचं राहिलं तरी रात्रभर तळमळणारा माणूस तो, आमंत्रण देऊन उपाशी ठेवायचं पाप त्याच्या हातून झालं होतं, एकदा नाही, दर वर्षी. अंगणातलं हसणं हळूहळू ओसरलं. अंकुरनं पान खाली ठेवलं, बाटलीतल्या पेट्रोलनं स्विच धुतला, हेमराजच्याच शेतातल्या कापसानं पुसला, पट्ट्या घासून चकचकीत केल्या आणि जागेवर बसवला.

हेमराजनं किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, आणि पहिल्याच हाकेला लाल्या उठला. तुळशीराम जे जे म्हणत होता ते सगळं झालं. पराणी नाही, धक्का नाही, आपल्या पायानं. तो लाल्याच्या बाजूनं मडगार्डावर हात ठेवून तोरणापर्यंत चालत गेला. लोक बाजूला सरून वाट देत होते. मोरेश्वरभाऊंनी स्वतः लाल्याच्या बोनेटला आंब्याचा डहाळा बांधला. तोरण तुटलं, फटाके वाजले, बैल उधळले, त्यांच्यामागे माणसं पळाली, आणि लाल्या आपल्या जागी उभा राहून शांतपणे धडधडत राहिला.

परतताना हेमराज सीटवरून खाली वाकून म्हणाला, "जिंकले बाबा तुमी. दुकानवाल्याले उद्या फोन करून नाय म्हणून सांगतो."

तुळशीरामानं ऐकलं की नाही कळलं नाही. त्याचा हात मडगार्डावर होता आणि नजर खाली रस्त्यावर होती.

घरी कलाबाईनं चारही चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि पुरणपोळीचं ताट नवऱ्याच्या हाती दिलं. तुळशीरामानं घास मोडला. मग तो हातात घास घेऊन तसाच उभा राहिला. पुढच्या जाळीशी गेला, परत आला. धुराच्या नळकांड्याकडे पाहिलं. डिझेलच्या टाकीकडे पाहिलं. तिकडे पाहिल्यावर एरवी हेमराज झेपावला असता, आज तो हलला नाही. किल्लीकडे म्हाताऱ्यानं पाहिलंच नाही. तुपाचा ओघळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"कुठी चारू आता याले?" त्यानं विचारलं. कुणाला विचारलं ते त्यालाही माहीत नसावं. या माणसाला एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नाही असं कलाबाईनं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला.

हेमराजनं इंजिन बंद केलं. उतरला नाही, सीटवरच बसून होता.

"बाबा, याचं डिझेल कोण टाकते? मी. पानी कोण टाकते, आइल कोण टाकते? मीच न. याच्या पोटात जे जाते थे सारं माह्या हातातून जाते. मतलब माह्या पोटात गेलं का याच्या पोटात गेलं. मले चारा."

तुळशीरामानं यावर विचार केला. कारण पूर्ण होतं, कुठं फट नव्हती. त्याच्याच घरचं कारण होतं. त्यानं मान हलवली आणि टाचा उंचावून हात वर केला. हेमराज स्टेअरिंगवरून वाकला आणि त्यानं तोंड उघडलं.

इतक्या जवळून तुळशीरामानं मुलाचा चेहरा कधी पाहिला होता, त्याला आठवेना. हेमराजच्या मिशीत पांढरे केस होते. एक-दोन नव्हते, बरेच होते. घास आत गेला आणि म्हाताऱ्याची बोटं तिथंच, मुलाच्या ओठांपाशी थांबली.

"म्या तुले कधी चारलंच नाय काय रे?"

"पहिले बैल होते," हेमराज घास चावत म्हणाला. "मंग हा आला."

तुळशीरामानं दुसरा घास मोडला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि तुपात पुरता बुडवला. अंधार पडत आला होता, आत पाहुणे खोळंबले होते. कलाबाईनं ताट घ्यायला हात पुढे केला, तेव्हा त्यानं ताट बाजूला धरलं.

"थांब," तो म्हणाला. "याचं जेवन नाय झालं अजून."